कन्सेंटचं शुल्क वाढणार असेल, तर भांडायचं कशावर?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूर भागातल्या एमआयडीसीत झिंक प्लेटिंगचा छोटा कारखाना चालवणारे एक उद्योजक विचारतात: "प्रदूषण नियंत्रण मंडळाचा कन्सेंट, म्हणजे कारखाना चालवायची संमती, नूतनीकरणाला आला आहे. शुल्क वाढणार असं सगळे बोलतात. मुदतही एकदम पाच वर्षांची घ्या म्हणतात, म्हणजे पाच वर्षांचे पैसे एका वेळी. मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारं संयंत्र, नीट चालवतो, मग मलाच जास्त पैसे का? हा कर आहे की काय आहे? आमच्या असोसिएशनने विरोधाचं पत्र द्यायचं ठरवलंय. त्यात काय लिहावं?"

पत्र जरूर द्या. पण त्यात फक्त "शुल्कवाढ मागे घ्या" एवढंच असेल तर त्याचा उपयोग होणार नाही. पंचवीस वर्षं मी ईटीपी उभे करतोय आणि त्यांच्या कन्सेंटच्या फाइली हाताळतोय. अशी कितीतरी पत्रं गेलेली पाहिली. शुल्क किती, यावर सगळे तावातावाने बोलतात. ते कशावर मोजलंय आणि त्या पैशातून नेमकं कोणतं काम होतं, हे विचारायला कुणी उठत नाही. माझ्या मते खरं भांडण तिथेच आहे.

आधी कर की शुल्क ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक मांडला. कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि देणाऱ्याला त्या बदल्यात ठरावीक काही मिळेल असं नसतं. शुल्क हे एखाद्या विशिष्ट कामाच्या खर्चासाठी घेतलेलं असतं. पुढे १९८३मध्ये श्रीनिवास जनरल ट्रेडर्सच्या निकालात न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की घेतलेलं शुल्क आणि दिलेली सेवा यांचा रुपयाला रुपया हिशेब जुळायलाच हवा असं नाही, ढोबळ संबंध असला तरी पुरे. म्हणून "मी एवढे भरले आणि तपासणीला तर कुणी आलंच नाही" हा मुद्दा घेऊन कोर्टात जायचा विचार असेल तर तो सोडून द्या. पण ढोबळ संबंध तरी आहे का, हे विचारायचा तुमचा हक्क त्यामुळे जात नाही. जल कायद्याच्या, म्हणजे १९७४च्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे राज्य मंडळाला स्वतःचा वेगळा निधी असतो आणि तुमचं शुल्क त्यात जमा होतं. कलम ३९ प्रमाणे मंडळाने दरवर्षी अहवाल करायचा असतो आणि राज्य सरकारने तो विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. पत्र लिहिण्याआधी हा अहवाल हातात घ्या. किती कन्सेंट दिले, किती तपासण्या केल्या, किती नमुने घेतले, किती पैसे जमले आणि किती खर्च झाले, हे आकडे शेजारी शेजारी मांडा. तुमच्या पत्रात वजन येईल ते तिथून.

आता मोजमापाकडे. महाराष्ट्रात कन्सेंटचं शुल्क भांडवली गुंतवणुकीवर लागतं. २०११च्या शासन निर्णयात गुंतवणुकीचे टप्पे पाडले आणि टप्प्यागणिक शुल्क ठरवलं. गुजरात, तमिळनाडू यांच्याकडेही पाया हाच आहे. जमीन, इमारत, यंत्रसामग्री यांची मूळ किंमत धरायची, घसारा वजा करायचा नाही, आणि सीएचं सर्टिफिकेट जोडायचं. मंडळाच्या दृष्टीने हे सोपं आहे, कारण आकडा एका कागदावर मिळतो आणि त्यावर वाद होत नाही. महागाई वाढली की नवी यंत्रं महाग होतात, कारखाने आपोआप वरच्या टप्प्यात सरकतात आणि दराला हात न लावताही मंडळाचं उत्पन्न वाढत जातं. शुल्क वाढवलं नाही असं म्हणताना हे लक्षात घ्यायला हवं.

पण या पायाचा प्रदूषणाशी संबंध किती? समजा एक प्लेटिंग युनिट १९९६चं आहे. हाताने बॅरल उचलायचा, एका टाकीत बुडवायचा, एका टाकीत धुवायचा, पाणी सतत वाहतंय. त्याची वहीतली गुंतवणूक तीस लाख. शेजारी नवं युनिट आहे. ऑटोमॅटिक लाइन, उलट्या प्रवाहाने तीन टप्प्यांत धुलाई, निम्म्याहून कमी पाणी, वर लहान बाष्पीभवन यंत्र. गुंतवणूक चार कोटी. जास्त शुल्क भरतो तो दुसरा. आणि नदीला जास्त धोका पहिल्याकडून. त्यातही खटकतं ते हे की ईटीपी, गाळ पिळून काढणारा फिल्टर प्रेस, बाष्पीभवन यंत्र ही सगळी तुमच्या ताळेबंदात स्थिर मालमत्ताच असतात. सीएने वेगळी काढून दाखवली नाहीत तर तीही ग्रॉस ब्लॉकमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या मूळ किमतींच्या बेरजेत, मिसळून जातात. पाणी स्वच्छ करायला खर्च केलेला रुपया कन्सेंटचा टप्पा वाढवायला कारणीभूत ठरतो. ज्या माणसाला आपण "अजून एक टप्पा चढव, पाण्याचा पुनर्वापर कर" म्हणून सांगतो, त्याच्यासमोर हे ठेवताना मला दरवेळी वाईट वाटतं.

आपल्याकडे याहून बरी पद्धत होती, हे आता बऱ्याच जणांच्या विस्मरणात गेलंय. १९७७चा जल उपकर कायदा. किती पाणी वापरलं आणि कशासाठी वापरलं, यावर किलोलिटरमागे पैशांत उपकर. थंड करायला वापरलं तर कमी, घरगुती वापराला त्याहून कमी, प्रक्रियेत वापरून सहज कुजणारं प्रदूषण झालं तर जास्त, आणि विषारी किंवा न कुजणारं झालं तर सर्वांत जास्त. मीटर लावणं सक्तीचं. दर महिन्याला विवरणपत्र. प्रक्रिया संयंत्र बसवून नीट चालवलं तर २५ टक्के सूट. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, १ जुलै २०१७पासून, हा उपकर गेला. करांची संख्या कमी करायची होती, हे समजू शकतं. पण त्याबरोबर मंडळांचा एक नियमित उत्पन्नाचा स्रोत गेला आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे मीटर बघण्याचं कारण गेलं. मी ज्या कारखान्यांत जातो तिथे मीटर अजून आहेत. कुठे काच धुरकट झालीय, कुठे काटा अडकलाय, कुठे रीडिंगची वही मार्च २०१७ला थांबलीय. उपकराची रक्कम फार नव्हती. पण महिन्यातून एकदा कुणीतरी वही घेऊन मीटरपाशी जायचा आणि आकडा लिहायचा, त्यातून वाया जाणारं पाणी मालकाच्या लक्षात यायचं.

शुल्क कशासाठी असतं ते एका प्रसंगातून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका प्लेटिंग युनिटमध्ये मी ईटीपीचं काम बघत होतो. दुपारी मंडळाचे क्षेत्र अधिकारी आले. पाठीवर सॅक, हातात बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा. त्या दिवसातलं त्यांचं ते सहावं युनिट होतं. त्यांनी शेवटच्या टाकीच्या नळाखाली बाटली धरली. पाणी नितळ. पीएच तिथेच बघितला, बाटलीवर दोघांच्या सह्या झाल्या. इथे थांबले असते तर फाइल बंद झाली असती. ते मागे फिरले, पॅसिव्हेशनच्या, म्हणजे मुलामा टिकावा म्हणून क्रोमच्या द्रावणात बुडवायच्या, टाक्यांच्या कडेने चालत गेले आणि भिंतीपाशी थांबले. फरशीच्या सांध्यातून एक करडा प्लास्टिकचा पाइप पावसाळी गटाराकडे गेलेला होता. त्यांनी पांढरा कप काढला, वाकून गटारात बुडवला आणि उजेडात धरला. पाणी फिकट पिवळं होतं, लिंबू सरबतासारखं. तो रंग हेक्झाव्हॅलंट क्रोमचा, म्हणजे क्रोमच्या विषारी रूपाचा. त्याची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. डोळ्याला पिवळं दिसतंय म्हणजे तो त्या मर्यादेच्या कितीतरी पट वर गेलेला असतो. मालकाला खरंच माहीत नव्हतं. टाक्या हलवताना जुन्या फिटरने ओव्हरफ्लो तात्पुरता तिकडे काढला होता आणि तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो पाइप तोडला, ते पाणी ईटीपीकडे वळवलं, त्या क्रोमचं विषारी रूप मोडणाऱ्या मेटाबायसल्फाइटचा डोस वाढवला, आणि गाळाचं वजन त्या महिन्यापासून वाढलं. आधी तो गाळ कुठे जात होता, हे त्यावरून कळलं.

त्या साऱ्याला अधिकाऱ्याचा पाऊण तास लागला. पाऊण तास चालणं, वाकणं, बघणं. शुल्कातून आपल्याला हवं आहे ते हेच. आणि देशभरातल्या राज्य मंडळांची स्थिती अशी की मंजूर पदांपैकी निम्म्याच्या आसपास रिकामी आहेत. हरित लवादाने हा प्रश्न वारंवार उचललाय. माणूस कमी असला की सहा युनिटांची बारा होतात, मग पाऊण तासाची दहा मिनिटं होतात, आणि दहा मिनिटांत फक्त नळाचं पाणी बघून होतं. पदं भरायला राज्य सरकारची मंजुरी लागते. मंडळाकडे पैसा आहे पण माणूस नाही, असं घडू शकतं. त्यामुळे शुल्क वाढवून माणसं वाढतीलच असं गृहीत धरू नका. तेच लेखी मागा.

इथे अमेरिकेचा एक अनुभव सांगावासा वाटतो, कारण "भांडवलावर नको, प्रदूषणावर लावा" असं म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला त्यातून शिकायला मिळालं. तिथे १९९०मध्ये हवा कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या कारखान्यांसाठी एकत्रित परवाना आला. त्याला टायटल फाइव्ह म्हणतात. कायद्याने राज्यांना सांगितलं की परवान्याच्या कामाचा सगळा वाजवी खर्च शुल्कातूनच भागवा आणि ते शुल्क दुसऱ्या कशावर खर्च करू नका. किमान पायरी म्हणून सोडलेल्या प्रदूषकाच्या टनामागे २५ डॉलर, महागाईप्रमाणे वाढत जाणारे. ऐकायला किती न्याय्य वाटतं. पण पुढे कोळशावरची वीज केंद्रं बंद पडू लागली, उरलेल्यांनी गाळणी बसवल्या, आणि टन घटले. हवा सुधारली, हे चांगलंच झालं. त्याबरोबर शुल्कही आटलं. परवाना लिहिणाऱ्या अभियंत्याचं काम मात्र तेवढंच राहिलं, कारण कमी धूर सोडणाऱ्या कारखान्याचा परवानाही तेवढाच गुंतागुंतीचा असतो. तिथल्या केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या महानिरीक्षकांनी २०१४मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये या तुटीवर अहवाल दिले. म्हणून माझं मत आता असं झालंय की शुल्काचे दोन भाग असावेत. एक ठरावीक, तपासणी आणि फाइल यांच्या खर्चापुरता, लहान-मोठ्या उद्योगाप्रमाणे. दुसरा पाण्याच्या आणि प्रदूषणाच्या भारावर, जो कमी केला की कमी होईल.

तिकडची दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. मिशिगनसारख्या काही राज्यांत विधिमंडळ पर्यावरण शुल्काला मुदतच घालून देतं. अमुक वर्षी हे शुल्क संपेल. मुदत जवळ आली की खात्याला पुन्हा सभागृहात जावं लागतं, मुदतवाढ मागावी लागते आणि गेल्या काही वर्षांत या पैशाचं काय केलं ते सांगावं लागतं. उद्योगवाले, गावकरी, नदीकाठचे मासेमार, सगळे तिथे बोलतात. यात धोका आहे, राजकारणात मुदतवाढ अडकली तर तपासणीचं काम बंद पडू शकतं. तरी आपल्याकडे जसं कित्येक वर्षं काहीच होत नाही आणि मग एके दिवशी शासन निर्णय निघतो, त्यापेक्षा हे मला कितीतरी सरळ वाटतं. तुमच्या पत्रात ही मागणी टाका: दर तीन किंवा पाच वर्षांनी शुल्काचा आढावा, त्याआधी हिशेब प्रसिद्ध, आणि दरम्यानच्या काळात लहान लहान वार्षिक वाढ. एकदम दुप्पट होण्यापेक्षा दरवर्षी थोडं वाढलेलं शुल्क लहान उद्योगाला पेलतं.

आता तुमच्या स्वतःच्या नूतनीकरणाचं. उद्योगांना प्रदूषणाच्या क्षमतेप्रमाणे रंगांचे वर्ग दिलेले असतात. प्लेटिंग लाल, म्हणजे सर्वांत प्रदूषक वर्गात येतं. लाल वर्गाला पाच, केशरीला दहा, हिरव्याला पंधरा वर्षं अशी मुदत २०१६पासून केंद्राच्या सूचनांतून रूढ झाली. जानेवारी २०२५मध्ये केंद्रीय मंडळाने वर्गवारी पुन्हा केली, लाल वर्गाचा उंबरठा प्रदूषण निर्देशांकाच्या ८० गुणांवर नेला आणि निळा नावाचा नवा वर्ग आणला. तेव्हा अर्ज भरण्याआधी तुमच्या प्रक्रियेचा वर्ग आज काय आहे, हे यादीत बघा. जुन्या कन्सेंटवर छापलंय म्हणून तेच उतरवू नका. शुल्क वर्षाच्या हिशेबाने लागतं, जितकी वर्षं मागाल तितकी पट. हातात पैसे असतील आणि पुढच्या पाच वर्षांत मोठा विस्तार करायचा नसेल तर पूर्ण मुदत घ्या, असा माझा सल्ला. दरवेळी फाइल उघडली की जुन्या शंका नव्याने निघतात आणि त्यात तुमचे महिने जातात. विस्तार डोक्यात असेल तर मात्र थांबा आणि विचार करा, कारण गुंतवणूक वाढली की फरकाचं शुल्क मागितलं जातं आणि कन्सेंटमध्ये दुरुस्तीही करावी लागते. नवा शासन निर्णय निघाला तर त्यातल्या दोन ओळी आधी वाचा: तो कधीपासून लागू, आणि प्रलंबित अर्जांना लागू आहे की नाही. आकड्यांच्या तक्त्याकडे त्यानंतर जा.

अर्ज मुदत संपायच्या चार महिने आधी टाका. कायद्यात चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं मानण्याची तरतूद आहे, जल कायद्याचं कलम २५, पोटकलम ७. पण तिच्यावर विसंबून कारखाना चालवू नका. एखादा कागद अपुरा आहे असं पत्र आलं की ते चार महिने कधी सुरू झाले यावरच वाद होतो.

आणि पाच वर्षांचं शुल्क जड वाटतंय म्हणून नूतनीकरण लांबवण्याचा विचार असेल, तर हा हिशेब एकदा कागदावर मांडा. नियम मोडणाऱ्या कारखान्याकडून घेतल्या जाणाऱ्या पर्यावरण भरपाईचं केंद्रीय मंडळाचं सूत्र गुणाकाराचं आहे: प्रदूषण निर्देशांक, दिवस, रुपयांचा घटक, उद्योगाचा आकार, ठिकाण. लाल वर्गाला निर्देशांक ८०. रुपयांचा घटक बहुधा २५०. लहान उद्योगाला आकाराचा घटक अर्धा. दहा लाखांखालच्या वस्तीत ठिकाणाचा घटक १. गुणाकार केला की दिवसाला १० हजार रुपये. महिनाभराचे तीन लाख. कितीही लहान उद्योग असला तरी दिवसाला ५ हजारांखाली ही रक्कम जात नाही. त्याशिवाय जनविश्वास कायद्याने हवा कायद्यात १० हजार ते १५ लाखांपर्यंत दंड आणलाय, १ एप्रिल २०२४पासून. आणि ४ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीच्या प्रकरणात स्पष्ट केलं की मंडळं स्वतः नुकसानभरपाई वसूल करू शकतात. तुमच्याएवढ्या युनिटमध्ये वर्षाचं कन्सेंट शुल्क बहुतेक वेळा मेटाबायसल्फाइट, चुना, फिल्टर प्रेसची कापडं आणि रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला गाळ पाठवण्याचं भाडं यांच्या बेरजेपेक्षा कमीच असतं. शुल्कासाठी या गोष्टींत काटकसर करू नका.

पत्राकडे परत येतो. शुल्कवाढीला आमचा सरसकट विरोध नाही, असं पहिल्याच वाक्यात लिहा आणि मनापासून लिहा. पंचगंगेचं पाणी तुमची मुलंही पितात. मग मागा: ईटीपी आणि पुनर्वापराच्या यंत्रांची किंमत शुल्काच्या गुंतवणुकीतून वगळा. मीटरच्या नोंदीवर पाणी कमी केल्याचं दिसलं तर सूट द्या, जशी उपकरात होती. वाढीव शुल्कातून किती क्षेत्र अधिकारी आणि किती प्रयोगशाळा कर्मचारी भरणार, कोणत्या जिल्ह्यात, कधीपर्यंत, ते सांगा. प्रत्येक प्रादेशिक कार्यालयाने केलेल्या तपासण्यांचा आकडा दर तिमाहीला जाहीर करा. शेवटची मागणी लहान आहे पण लहान उद्योगाला सर्वांत उपयोगी: लाल वर्गातल्या सूक्ष्म उद्योगांना शुल्क वर्षावर्षाला भरू द्या, कन्सेंट मात्र पाच वर्षांचा द्या.

पत्र असोसिएशनच्या सभेत वाचून दाखवा, आणि सभेला येताना प्रत्येकाला आपापल्या पाण्याच्या मीटरचं गेल्या वर्षभराचं रीडिंग आणायला सांगा. ज्यांच्याकडे ते नसेल त्यांचे मीटर आधी सुरू करून घ्या. तुमच्या सीएला आजच फोन करा आणि या वेळच्या सर्टिफिकेटमध्ये ईटीपीची किंमत वेगळ्या ओळीत दाखवायला सांगा. आजच्या नियमात त्याने शुल्क कमी होईलच असं नाही, पण वगळण्याची मागणी कराल तेव्हा तुमच्या भागातल्या पन्नास युनिटांचा तो आकडा तुमच्या हातात असेल.